दहा टनी आर्किटेक्टचा विमा

३ जानेवारी १९७२, सोमवार. श्रीरामपूर.

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी स्वतंत्र झालो. मेनरोडला कापडदुकानाच्या वरच्या खोलीबाहेर ‘के. एन. रोहोकले, जी. डी. आर्क., आर्किटेक्ट’ अशी पाटी लागली. ठोकताना खिळा वाकडा गेला आणि भिंतीचा वीतभर गिलावा खाली आला. दुकानमालकाने वर मान करून विचारलं, “साहेब, बांधायच्या आधीच पाडायला सुरुवात का?” मी हसून घेतलं, पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

नगरच्या सरकारी कचेरीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे. तिथे चार वर्षं उंच स्टुलावर बसून दुसऱ्यांचे नकाशे ट्रेस केले. १ जुलैला एकतर राजीनामा द्यायचा, नाहीतर त्याच स्टुलावर परत जाऊन बसायचं. केशरचं, म्हणजे आमच्या मंडळींचं, मत असं की स्टुलावर माझी पाठ आणि स्वभाव दोन्ही वाकले आहेत, निदान एक तरी सरळ करून घ्यावं.

मुंबईला कॉलेजात आमचे एक सर सांगायचे, विलायतेत आर्किटेक्ट आधी विमा काढतो आणि मगच पेन्सिल उचलतो. आपल्या चुकीने इमारतीला काही झालं तर भरपाई कंपनी देते. मीही ठरवलं आहे, विमा हातात आल्याशिवाय एक रेघ मारायची नाही. केशर म्हणाली, “आणि रेघ मारल्याशिवाय खायचं काय?” तिला हा विषय सावकाश समजावून सांगावा लागेल.

७ जानेवारी, शुक्रवार.

आज बाजारचा दिवस. स्टेशनजवळच्या हॉटेलात विमा एजंट श्रीमंत नाईकवाडी भेटला. त्याला म्हणालो, मला माझ्या चुकीचा विमा काढायचा आहे.

“चूक केली का?”

“अजून नाही.”

“मग कशाचा काढू? साहेब, मेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत हे लोकांना पटवायला माझी दहा वर्षं गेली. आता न केलेल्या चुकीचं कुणाला पटवू?”

त्याच्याकडे तीनच फॉर्म आहेत: आग, ट्रक आणि घरफोडी. माझा फॉर्म मुंबईहून मागवावा लागेल, पण तो मागवायला आधी फाईल लागते आणि फाईल चालू व्हायला कुठला तरी फॉर्म भरलेला लागतो. श्रीमंत म्हणाला, “सरकारनं कंपन्या ताब्यात घेतल्यापासून वर कोण बसलंय ते खालच्याला माहीत नाही आणि खाली कोण ते वरच्याला. अशा वेळी फाईल चालू करून टाकावी. आतलं काय ते मागाहून बदलता येतं.”

मला हे पटलं. सरकारी नोकरीत चार वर्षं काढलेल्या माणसाला हे पटतं.

८ जानेवारी.

ट्रकचा फॉर्म भरला. वाहनाचा नोंदणी क्रमांक या रकान्यात डिप्लोमाचा क्रमांक लिहिला. निर्मितीचं साल १९४३. मालवाहू क्षमतेपाशी मी अडलो. श्रीमंतने ‘दहा टन’ लिहिलं. कमी लिहिलं तर वरच्या साहेबांना पार्टी गरीब वाटते म्हणे. चालकाचं नाव या रकान्यात त्याने न विचारता केशरचं नाव घातलं. मी हरकत घेतली. केशर चहा घेऊन आली होती, तिने वाचलं आणि म्हणाली, “राहू द्या, बरोबर आहे.”

१२ जानेवारी.

काम आलं! टाकळवाडीच्या सोसायटीचे चेअरमन बन्सीअण्णा गवारे स्वतः जिना चढून आले. खत-बियाण्यासाठी गोदाम बांधायचं आहे. गावातलं पहिलं आर.सी.सी. छत. पुढे सहा फुटांचा पोर्च हवा, म्हणजे पावसात गाड्या खाली करताना पोती भिजणार नाहीत. आणि आत मध्ये एकही खांब नको.

मी म्हणालो, “जागा मोकळी राहावी म्हणून?”

“जागंचं न्हाई हो. खांब असला की मानसं त्याला पाठ लावून बसत्यात, आन मंग मीटिंग काय संपत न्हाई.”

संध्याकाळी नकाशाला बसलो. विमा नसताना पहिली रेघ मारली. छताच्या तुळयांचा तपशील पुस्तकावरून घेतला. पोर्चचाही सळयांचा तपशील त्याच पानावरून उतरवला, त्यामुळे सगळ्या कागदाला एकसारखेपणा आला आहे.

२ फेब्रुवारी. टाकळवाडी.

पाया भरून झाला. गवंडी नबीलाल मिस्त्री, वय साठीला टेकलेलं, दाढी पांढरी, लिहितावाचता येत नाही. आज त्यांना पोर्चच्या सळयांचा कागद दिला, तर त्यांनी तो उलटा धरला. मी हळूच हातातून घेऊन सरळ करून दिला. त्यांनी मान डोलावली. चार पावलं जाऊन मागे पाहतो तर कागद पुन्हा उलटा, आणि हे त्याच्याकडे अगदी समाधानाने बघत उभे.

राग नाही आला, कीव आली. अशा माणसाच्या हातात माझं पहिलं काम आहे. विम्याची किती गरज आहे हे आज मला नव्याने कळलं. येताना श्रीमंतला गाठून तार करायला सांगितलं.

२० फेब्रुवारी.

विमा कंपनीचं दुसरं पत्र आलं. पहिल्यात प्रश्न होता, ‘सदर वाहनाला गेल्या पाच वर्षांत किती अपघात झाले?’ मी उत्तर पाठवलं होतं, एकही नाही, कारण हे पहिलंच काम. त्यावर त्यांचं म्हणणं, ‘अपघाताचा पूर्वानुभव नसल्याने जोखीम ठरवता येत नाही. एखादा किरकोळ अपघात घडल्यास त्वरित कळवावे.’

श्रीमंतच्या मते पत्र उत्तम आहे. फाईल चालली आहे. त्याने सुचवलं की पाटी लावताना गिलावा पडला होता तो कळवू. मी आधी नाही म्हणालो आणि मग कळवला.

११ मार्च, शनिवार. टाकळवाडी.

आज स्लॅब पडली. म्हणजे ओतली गेली. हा शब्द जपून वापरायला हवा.

सकाळी नबीलालभाईंनी मला पोर्चच्या फळ्यांवर बोलावलं. “साहेब, या सळया कागदात हायत्या तशाच ठेवायच्या का?”

मी कंपनीच्या नव्या पत्राचा चौदावा प्रश्न वाचत होतो (‘वाहनाचा ब्रेक निकामी झाल्यास पर्यायी व्यवस्था काय?’). म्हणालो, “तंतोतंत.”

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, “बरं. मंग तुमी तिकडं सावलीत बसा.”

फार अगत्यशील माणूस. मी लिंबाखाली बसून चौदाव्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. तिथून ऐकू येत होतं, एका मजुराला ते सांगत होते, “अरं, जे पुढं लोंबकळतं त्याला वरून धराय लागतं. पोराला विहिरीत पवायला सोडताना हाताला धरतो का पायाला?” खेड्यातली माणसं किती चित्रमय बोलतात! दुपारी गूळ-खोबरं वाटलं. अठ्ठावीस दिवस पाणी मारायचं आणि मग टेकू काढायचे.

१७ मार्च, शुक्रवार.

घोटाळा झाला. श्रीमंतने बाजारात दहा जणांना सांगितलं की रोहोकले साहेबांनी आपल्या चुकीचा विमा काढलाय, असं गिऱ्हाईक जिल्ह्यात दुसरं नाही. त्याला जाहिरात करायची होती. दुपारी बन्सीअण्णा जिना चढून आले, आणि या वेळी बसले नाहीत.

“साहेब, इमा गोदामाचा काढला का तुमचा?”

“माझ्या चुकीचा.”

“म्हंजे चूक हाय?”

“नाही. पण असू शकते.”

“कुठशी?”

“माहीत असती तर दुरुस्त केली नसती का?”

अण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली. “म्हंजे तुमाला ठाव नसलेली चूक तुमी कंपनीला कळवली, आन आमाला न्हाई?”

सोमवारी गावची बैठक आहे, एवढं सांगून ते जिना उतरून गेले.

२० मार्च. टाकळवाडी.

गोदामासमोर गावची बैठक. लोक पोर्चपासून लांब, रस्त्यापलीकडे बसले होते. कालपासून शेळ्यासुद्धा तिकडून नेत नाहीत म्हणे. छत पाडून पत्रे टाकावेत असा एक सूर निघाला. पहिलं काम पाडलं गेलं तर या तालुक्यात मला कोंबड्यांचं खुराडंही कोणी बांधू देणार नाही, आणि १ जुलैला स्टूल ठरलेलं.

तेवढ्यात अण्णांच्या चुलती लंकाबाई उठल्या. वय सत्तरच्या पुढे, आवाज चाळिशीचा. त्या म्हणाल्या, “कागदं कशाला नाचवता? आपल्यात नव्या छपराखाली पयलं जेवन कुनाचं असतं?”

हा रिवाज मला ठाऊक नव्हता. नव्या छताचे टेकू काढले की ज्याने छत केलं तो आत जातो, भिंतीला हात लावून म्हणतो, “हे माझं. पडलं तर आधी माझ्यावर.” मग तिथेच पहिला घास खातो. तो होईपर्यंत मालकसुद्धा उंबऱ्याआत पाय टाकत नाही.

आता छत कोणी केलं यावर चर्चा सुरू झाली. मातीच्या धाब्याला सुतार जेवतो, दगडी कमानीला गवंडी. नबीलालभाई सवयीने उठायला लागले होते. लंकाबाईंनी विचारलं, “कागुद कुनाचा?”

नबीलालभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले. “साहेबांचा.”

“मंग साहेब जेवतील.”

मी होकार दिला. सगळ्यांसमोर नकार देण्याचं धैर्य माझ्यात नाही, आणि ते बाहेरून धैर्यासारखंच दिसलं. घरी येऊन केशरला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं, मीही येते.” मी म्हणालो, मुळीच नाही. ती म्हणाली, “का? पडणार आहे का?”

२८ मार्च.

विमा कंपनीचा तपासनीस आला. बारीक चणीचे गृहस्थ, काखेत छत्री. “वाहन कुठं उभं आहे?”

मी म्हणालो, वाहन मीच. श्रीमंतने फाईलची सगळी हकीकत सांगितली. गृहस्थांना घाम फुटला. वरचे साहेब दर आठवड्याला बदलतात, तपासणी न करता परत गेलो तर नोकरीवर येईल, म्हणाले. शेवटी त्यांनी माझी तपासणी केली. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि “थांबा” म्हणताच थांबायला लावलं. पुन्हा एकदा, जरा वेगात. मग मला चष्मा काढायला लावून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘सांगाडा ठीक. ब्रेक समाधानकारक. डावा दिवा मंद. भार न लादता रस्त्यावर चालण्यास योग्य.’

चालक म्हणून केशरची सही घेतली. जाताना त्यांनी तिला ऑइल-पाणी वेळेवर करत जा असं बजावलं, आणि ती हो म्हणाली.

९ एप्रिल, रविवार.

उद्या टेकू काढायचे. गणितं चार वेळा तपासली. चारही वेळा बरोबर आली, त्यामुळे संशय वाढला. पोर्चचं गणित नव्हतंच, तो पुस्तकातला तपशील. भीती वाटते. ती इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. विमा अजून आलेला नाही.

१० एप्रिल. टाकळवाडी.

जिवंत आहे.

टेकू सकाळी निघाले. गाव रस्त्यापलीकडे उन्हात उभं. लंकाबाईंनी ताट आणलं, आमटी, भात आणि लापशी. मी आत गेलो आणि भिंतीला लागून बसलो. बाहेरून लंकाबाई ओरडल्या, “मधी बसा, मधी.” बसलो मधे, जिथे खांब असायला हवा होता बरोबर तिथे. पुन्हा ओरडल्या, “आन भिताडाला हात?” उठलो, भिंतीला हात लावला.

म्हणालो, “हे माझं. पडलं तर आधी माझ्यावर.” इथे थांबायचं होतं. पण तीन महिने विम्याची पत्रं वाचून जीभ बिघडली आहे. मी पुढे म्हणालो, “मात्र भूकंप, युद्ध, दंगल, तसंच क्षमतेपेक्षा जास्त पोती रचल्यास...”

“घास घ्या, साहेब!”

घास घेतला. तो लापशीचा होता की भाताचा, मला सांगता येणार नाही. एकेचाळीस वेळा वर पाहिलं, हे मोजलेलं आहे.

मग एक गोष्ट घडली आणि माझे डोळे भरून आले. गाव अजून बिचकत होतं, तोच नबीलालभाई आपलं अख्खं घर घेऊन पुढे आले. बायको बद्रुन्निसा नव्या लुगड्यात, दोन लेकी, जावई, पाच नातवंडं. सगळ्यांना घेऊन ते पोर्चखाली बसले, तेही अगदी पुढच्या कडेला. मी म्हणालो, आत या. ते म्हणाले, “आत गर्दी हाय, साहेब.” आत मी एकटा होतो.

त्यांना पाहून केशर शिरली, मग अण्णा, मग सगळं गाव. माझ्या नकाशावर त्या निरक्षर माणसाचा केवढा हा विश्वास! घरी येताना एस.टी.त केशरला तेच सांगत होतो. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “कडेलाच का बसवलं असेल त्यांनी पोरांना?” मी म्हणालो, वारा येतो म्हणून.

२२ एप्रिल.

पॉलिसी आली! ‘रोहोकले के. एन., एक नग, दहा टन.’ वाहन रात्री कुलूपबंद जागेत ठेवावं, परवान्याशिवाय राज्याबाहेर नेऊ नये वगैरे अटी आहेत. केशरने रात्रीच्या जेवणानंतर बाहेरून कडी घालून पाहिली. पण सोबत पुरवणी आहे आणि तीच खरी: ‘वाहनाच्या व्यावसायिक चुकीमुळे होणाऱ्या नुकसानीस संरक्षण.’ अट एकच. ‘बांधकाम विमेदाराच्या नकाशाबरहुकूम, तंतोतंत झाले असल्याचा दाखला, विमेदाराची सही व काम करणाऱ्याचा अंगठा यांसह जोडावा.’

तिकडे गोदामात पोती लागली. अण्णा शाळेच्या खोल्यांचं बोलले. राजीनाम्याचा मसुदा तयार केला. सगळं जमून आलं आहे.

२३ एप्रिल.

दाखल्यासोबत जोडायला नकाशाची नक्कल करत होतो. पोर्चपाशी आलो आणि हात थांबला.

पोर्चच्या सळया मी खालच्या अंगाला काढल्या आहेत. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईला त्या खाली लागतात. पोर्च एकाच टोकाला धरलेला, पुढे लोंबणारा, त्याला वर लागतात. पहिल्या वर्षाचा मुलगासुद्धा ही चूक करत नाही. एकसारखेपणा! माझ्या कागदाप्रमाणे झालं असतं तर टेकू काढताच तो भिंतीपाशी तुटून खाली आला असता.

तसाच एस.टी. धरून टाकळवाडीला गेलो. पुढेमागे पोर्च वाढवायचा झाला तर म्हणून त्याच्या कडेला सळयांची टोकं बाहेर ठेवली आहेत. ती सगळी वर आहेत, छताच्या पाठीपासून दोन बोटं खाली. एकही सळई माझ्या कागदाप्रमाणे नाही.

उलट्या कागदात सळया बरोबर वर येत होत्या, आणि तो सरळ करून दिला होता मी त्यांना! पोर्चखालीच मटकन बसलो. नबीलालभाईंच्या पाच नातवंडांची तोंडं एकामागून एक आठवत गेली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

२४ एप्रिल.

खरं ते लिहितो. सकाळी दाखल्यावर सही करायला घेतली. ‘के. एन. रो’ इथपर्यंत झाली. सही केली तर विमा पक्का, शाळेचं काम पक्कं, आणि कुणाला कळायचं कारण नाही. अंगठा आणायला म्हणून नबीलालभाईंच्या घरी गेलो. माफी मागायला नाही, अंगठ्यासाठीच गेलो होतो.

ते ओट्यावर तंबाखू मळत होते. म्हणाले, “काय लिवलंय त्ये वाचा तरी.”

मी वाचलं. “सदर बांधकाम नकाशाबरहुकूम, तंतोतंत झाले आहे.”

“हे खोटं हाय, साहेब.”

आवाज चढवला नाही, तंबाखू मळणंही थांबवलं नाही. मी म्हणालो, “मला माहीत आहे.”

“कवापास्नं?”

“कालपासून.”

“असं व्हय,” म्हणाले, आणि जरा सरकून मला बसायला जागा केली.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, “इचारलं हुतं की. तुमी तंतोतंत म्हनला. मजूर ऐकत हुते. तिथं तुमच्याशी हुज्जत घातली असती तर सांजच्याला गावभर झालं असतं. पयलंच काम तुमचं. म्हनलं, सळया तर वर घेऊ, बाकी साहेबाला कळंल कवातरी.”

आतून बद्रुन्निसाबी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नवऱ्याला म्हणाल्या, “मला म्हनला, नवं लुगडं नेस, जेवाय जायचंय. मी म्हनलं उन्हात कडंला कशाला बसायचं, तर म्हनला गप जेव. म्हंजे तवा ते पडनार हुतं?”

“न्हाई. मी केलंय ते कसं पडंल?”

“आन साहेबाच्या कागदापरमानं असतं तर?”

नबीलालभाई म्हणाले, “चहा ठेव.”

त्या गेल्या नाहीत. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी दाखला घडी करून खिशात घातला आणि त्यांच्याकडे बघून म्हणालो, “पडलं असतं.” तेव्हा त्या चहा ठेवायला गेल्या.

२६ एप्रिल. टाकळवाडी.

सोसायटीच्या बैठकीत सांगून टाकलं. चूक माझी, दुरुस्ती मिस्त्रींची, छत त्यांच्यामुळे उभं आहे. नबीलालभाई दारातून हाताने नको-नको करत होते. मी थांबलो नाही. आता हाकलून देतील आणि सुटका होईल असंही मनात आलं.

कुणी माझ्या चुकीबद्दल चकार शब्द काढला नाही. मग लंकाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “मंग पयला घास भलत्यानंच खाल्ला की! छप्पर उष्टं झालं.”

बैठकीला एकदम जिवंतपणा आला. छत नबीलालचं, मान नबीलालचा, आणि जेवले साहेब. आता पुन्हा जेवण घालायला हवं, आणि छताखाली रिकामं असल्याशिवाय ते चालत नाही. अण्णा ओरडले, “चारशे पोती हायत आत!” पोती कुणी काढायची यावर तासभर गेला. एकाने विचारलं, विमा आहे तर कंपनीच्या साहेबालाच बोलवा, तो म्हणेल का ‘पडलं तर आधी माझ्यावर’? मला छत्रीवाले तपासनीस आठवले. म्हणालो, नाही म्हणणार.

“मंग तसला इमा काय कामाचा?” लंकाबाई म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

पॉलिसी श्रीमंतच्या हाती परत केली, सोबत पत्र: बांधकाम नकाशाबरहुकूम झालेले नाही, म्हणून इमारत सुस्थितीत आहे. तो कळवळून म्हणाला, “चालती फाईल बंद करताय, साहेब!”

३० एप्रिल, रविवार. टाकळवाडी.

दोन दिवस मीही पोती वाहिली. दहा टन माझ्याच्याने होणार नाहीत, एका पोत्यातच पाठ धरली. आज गोदाम रिकामं, पंगत पोर्चखाली. मी वाढपी. केशर लापशीच्या पातेल्यापाशी होती.

नबीलालभाई धुवट पटका बांधून आले. भिंतीला हात लावला. ते म्हणाले, “हे आमचं दोघांचं.”

लगेच आरडाओरडा झाला. रिवाजात ‘माझं’ आहे. ‘दोघांचं’ असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पहिला घास दोघांनी कसा घ्यायचा? आमटी निवत चालली. नबीलालभाईंनी भिंतीवरचा हात काढला नाही. म्हणाले, “साहेबानं मधी खांबाबिगर छत बसवलं, ते मला आयुष्यात सुचलं नसतं. आन पोर्च त्येंना जमला न्हाई. मंग एकट्याचं कसं म्हनू? मला खोटं बोलाय लावता का?”

सगळे लंकाबाईंकडे पाहू लागले. त्यांनी वर छताकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या आमटीच्या बादलीकडे.

“ती बादली ठिवा खाली,” त्या म्हणाल्या, “आन लावा हात.”

मी बादली ठेवली. खरखरीत भिंतीवर त्यांच्या हाताशेजारी हात लावला.

“पडलं तर आधी आमच्यावर,” आम्ही म्हणालो. मला पुढे काही जोडावंसं वाटलं नाही.

बद्रुन्निसाबींनी मला नातवंडांच्या ओळीत, अगदी पुढच्या कडेला जागा करून दिली. फार भूक लागली होती. तीन वेळा लापशी घेतली, केशर डोळे वटारत होती तरी घेतली. हात धुताना लक्षात आलं की जेवण संपेपर्यंत मी एकदाही वर पाहिलं नव्हतं.